भिंतीतली तीन भोके



या व्याख्यानमालेचे चिटणीस माझ्याकडे आले, तेव्हा मी कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. मी त्यांना म्हटले, कामगारांच्याच इतिहासावर बोलतो, पण तो भिंतीतल्या प्लगपासून सुरू करू द्या. त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिले, तरी परवानगी दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि वायरमन मित्रांच्या संगतीत झाले. तेव्हा समोर बसलेल्या इंजिनिअर मंडळींना माझी चूक दिसली तर त्यांनी ती जरूर दाखवावी.

येताना मी पिशवीत चार प्लग घेऊन आलो आहे. ते या टेबलावर मांडतो. हा पहिला आपला, तीन गोल पिनांचा. हा दुसरा विलायतेचा, तीन चौकोनी ठोकळ्यांसारख्या पिना असलेला. दुबईहून येणारे आपले कोकणातले लोक याच जातीचा प्लग घेऊन येतात. हा तिसरा अमेरिकेचा, दोन चपट्या पात्यांचा. आणि हा चौथा, काळा, जाडजूड, दोन गोल पिनांचा आणि दोन्ही कुशींना पितळी पट्टी बसवलेला. हा जर्मन आहे. जगात अशा घरगुती प्लगांच्या ठळक जाती मोजल्या तर चौदा-पंधरा भरतात. विजेच्या दाबाचे म्हणाल तर कोठे १००, कोठे १२०, कोठे १२७, कोठे २२०, कोठे २३०. ही फुटाफूट कशी झाली आणि तिची किंमत कोणी दिली, हा आजचा विषय.

हा चौथा प्लग माझ्या हाती कसा आला ते आधी सांगतो. १९९८ च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. एका औद्योगिक वसाहतीत पितळी नळांना पॉलिश करण्याचा लहानसा कारखाना होता. मालकाने परदेशातून जुन्या मालात आलेले एक पॉलिशचे यंत्र घेतले. यंत्र जर्मन बनावटीचे, चांगले मजबूत. त्यावरच्या पट्टीवर २२० व्होल्ट, ५० सायकल असे कोरलेले. आपल्याकडची वीजही जवळजवळ तीच. प्लग आपल्या सॉकेटात बसेल की नाही एवढीच शंका होती. दाबून पाहिला, तर बसला. यंत्र फिरू लागले आणि अकरा महिने बिनतक्रार फिरले. बाराव्या महिन्यात, फरशी ओली असताना, एकोणीस वर्षांच्या एका पोराने त्या यंत्राच्या लोखंडी अंगावर हात ठेवला. तो हात त्याला पुन्हा उचलता आला नाही.

चौकशी झाली. तीत असे नमूद करण्यात आले की यंत्र चालू स्थितीत होते, प्लग सॉकेटात नीट बसलेला होता आणि कामगार अनवाणी होता. या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी तेव्हा युनियनचा नवखा कार्यकर्ता. भाषण करता येत होते, घोषणा देता येत होत्या. पण ‘प्लग नीट बसलेला होता’ या एका वाक्यापुढे माझी वाचा बंद झाली. नीट बसला होता, मग पोरगा मेला कसा? हे मला कोणीही समजेल असे सांगू शकेना. म्हणून मी वाचू लागलो.

ज्यांना विजेची माहिती नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. यंत्राला दोन तारा लागतात, एक वीज आणणारी आणि एक परत नेणारी. तिसरी तार, जिला आपण अर्थिंगची म्हणतो, ती एरवी काहीच करीत नाही. ती यंत्राच्या लोखंडी अंगाला एका टोकाने जोडलेली असते आणि दुसऱ्या टोकाने जमिनीला. आत कोठे वीज आणणाऱ्या तारेचे वेष्टण झिजले आणि ती लोखंडाला टेकली, तर सारे यंत्र जिवंत होते. बाहेरून काहीच दिसत नाही. यंत्र पूर्वीसारखेच फिरते. तिसरी तार शाबूत असेल, तर वीज त्या वाटेने जोराने धावते, फ्यूज उडतो आणि काम बंद पडते. ती नसेल, तर वीज जमिनीकडे जाण्यासाठी माणसाची वाट पाहत बसते.

आता इतिहासाकडे वळू. न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथे एडिसनने आपले वीजघर ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू केले. त्याची वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डी.सी., आणि दाब सुमारे ११० व्होल्ट. हा आकडा काही आकाशातून पडला नव्हता. त्या वेळच्या दिव्यात कोळशाचा तंतू असे. त्याला फार दाब सोसत नसे. दाब कमी ठेवावा, तर तारा जाड लागत, आणि तांबे महाग. या दोहोंच्या घासाघिशीतून ११० च्या आसपासचा आकडा निघाला. त्यात तांब्याचा हिशेब मोठा नामी आहे. तेवढीच वीज तेवढ्याच तुटीत न्यायची असेल आणि दाब दुप्पट केला, तर तांबे चौथ्या हिश्श्याने पुरते. चार मण तांब्याच्या जागी एक मण! वीज कंपन्यांच्या मालकांना हा हिशेब कळायला वेळ लागला नाही.

परंतु दिवा तयार नव्हता. १८९० च्या पुढे २२० व्होल्ट सोसणारे दिवे निघाले, तेव्हा बर्लिनच्या वीज कंपनीने १८९९ पासून आपले शहर २२० वर न्यायला आरंभ केला. ग्राहकांचे जुने दिवे आणि मोटारी बदलून देण्याचा खर्च कंपनीनेच सोसला, कारण तांब्यात होणारी बचत त्याहून मोठी होती. युरोप हळूहळू त्या वाटेने गेला. अमेरिकेत मात्र तोवर एडिसनच्या दाबावरचे दिवे इतके झाले होते की ते बदलणे परवडेना. जो आधी पुढे गेला तो मागे अडकला, असे इतिहासात पुष्कळदा घडते. अमेरिकेत भिंतीत आजही १२० आहे, आणि एडिसन मात्र एकदिशेच्या विजेची लढाई वेस्टिंगहाऊसशी कधीच हरून बसला.

यात प्लग कोठे आला, असे तुम्ही विचाराल. प्लग आलाच नव्हता! वीज घरात आली ती दिव्यासाठी. भिंतीत भोके ठेवण्याचे कोणाच्या डोक्यातच नव्हते. पुढे पंखा, इस्त्री, शेगडी निघाली, तेव्हा लोक छतावरच्या दिव्याचा बल्ब काढून तेथे त्यांची वायर अडकवू लागले. १९०४ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकटच्या हार्वे हबेल नावाच्या कारखानदाराने सहज काढता-घालता येईल अशा प्लगाचे पेटंट घेतले. त्याचाही अर्धा भाग दिव्याच्या होल्डरातच बसवायचा होता. ही गोष्ट फार जुनी समजू नका. माझ्या लहानपणी आमच्या चाळीतल्या खोलीत एकच दिवा होता आणि इस्त्रीची वायर त्याच्याच होल्डरात लागे. दिवा काढल्याशिवाय इस्त्री नाही, म्हणून आमच्या घरी इस्त्री दिवसाच होई. त्या होल्डरात तिसऱ्या तारेला जागाच नव्हती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

वीज देणारा एक, दिवा करणारा दुसरा, इस्त्री करणारा तिसरा. आणि प्लग हा कोणाचाच मुख्य धंदा नव्हता. ज्याने त्याने आपापल्या सोयीने पिना बसवल्या. जर्मनीत बव्हेरियातल्या आल्बर्ट ब्यूटनरने १९२६ च्या सुमारास हा कुशीला पट्ट्या असलेला प्लग काढला. त्याची योजना फार विचाराची आहे. याच्या सॉकेटाला खोल वाटी असते आणि वाटीच्या दोन्ही बाजूंना पितळी चिमटे. प्लग आत सरकताना चिमटे आधी कुशीच्या पट्ट्यांना धरतात, म्हणजे जमिनीचा संबंध आधी जुळतो आणि वीज मागून येते. आपल्या घरी बसून पाहिले तर यापेक्षा सुरक्षित प्लग मिळणे कठीण. पण ‘आपल्या घरी’ हे दोन शब्द लक्षात ठेवा.

इटलीत आणखीच गंमत. तेथे दिव्याच्या विजेवर निराळा आकार आणि मोटारी-शेगड्यांच्या विजेवर निराळा. लोकांनी दिव्याच्या भोकात मोटार किंवा मोटारीच्या भोकात दिवा लावू नये, म्हणून दोन मापांचे प्लग ठरले. दराचा तो भेद पुढे गेला, पण दोन मापे भिंतीत राहून गेली. आपल्याला हसण्याचे कारण नाही. आपल्या वायरमनच्या तोंडी ‘लाइटचा पॉइंट’ आणि ‘पावरचा पॉइंट’ हे शब्द अजून आहेत, आणि अनेक शहरांत दिव्याचे व पावरचे मीटर वेगळे, दर वेगळे असत, हे येथल्या वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल.

आता विलायतेकडे जरा थांबून पाहू, कारण आपल्या भिंतीतली भोके तेथून आलेली आहेत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ च्या सुमारास, एकट्या लंडनच्या परिसरात वीज पुरवणाऱ्या सत्तरएक संस्था होत्या. त्यांच्यात दहा प्रकारची सायकल आणि चोवीस प्रकारचे दाब चालत. रस्ता ओलांडून बिऱ्हाड बदलले की दिवे, पंखे निरुपयोगी. १९२६ मध्ये पार्लमेंटने कायदा केला, मध्यवर्ती वीज मंडळ नेमले आणि सारा देश ५० सायकलवर आणण्याचे काम सुरू झाले. प्लगांसाठी १९३४ मध्ये ‘बी.एस. ५४६’ हे प्रमाण ठरले. गोल पिनांचे, २ अँपिअर, ५ अँपिअर, १५ अँपिअर असे चढत्या मापांचे प्लग. हाच आपला प्लग. साम्राज्याच्या जहाजांतून तो मुंबईला उतरला, कलकत्त्याला उतरला, दक्षिण आफ्रिकेत गेला. जेथे गोरा साहेब, तेथे त्याचा पंखा. आणि जेथे पंखा, तेथे ही तीन भोके.

दुसरे महायुद्ध चालू असतानाच विलायतेत युद्धानंतर बांधायच्या घरांचा विचार सुरू झाला. लक्षावधी घरे बॉम्बने पडली होती आणि तांब्याची टंचाई होती. वीस जणांची एक समिती बसली आणि तिचा अहवाल १९४४ मध्ये निघाला. या समितीत एकच स्त्री होती, कॅरोलाइन हॅस्लेट. बाईंचे नाव आपल्याकडे फारसे ठाऊक नाही, पण असायला हवे. स्त्रियांच्या हातचे काबाडकष्ट विजेने कमी व्हावेत म्हणून त्यांनी आयुष्य घातले. इंजिनिअर स्त्रियांच्या संस्थेच्या त्या पहिल्या चिटणीस. घरात विजेची वस्तू कोण हाताळते, तर बाई, आणि भोकात बोट कोण घालते, तर मूल, ही साधी गोष्ट तोवरच्या पुरुष इंजिनिअरांच्या नकाशात कोठेही नव्हती.

त्या विचारातून १९४७ मध्ये ‘बी.एस. १३६३’ निघाला; तो हा चौकोनी पिनांचा प्लग. याच्या भोकांवर आतून पडदे असतात. वरची लांब पिन, म्हणजे अर्थिंगची, आत गेली की पडदे सरकतात. त्याआधी मुलाने खिळा घातला तरी विजेला लागत नाही. प्रत्येक प्लगाच्या पोटात स्वतःचा फ्यूज असतो. घरभर दिव्यापासून शेगडीपर्यंत एकच माप, आणि तार वर्तुळाकार फिरवून आणलेली, म्हणजे तांबे कमी. युद्धाने पिळून काढलेल्या देशाने काटकसरीत ही सुरक्षितता बसवली, याचे मला मोठे कौतुक वाटते. साम्राज्याशी माझे कितीही वैर असले तरी चांगल्या प्लगाशी नाही.

१९४७ हे साल ऐकताच तुमच्या मनात जे आले तेच माझ्याही मनात आले होते. ज्या वर्षी इंग्रज येथून गेला, त्याच वर्षी त्याने आपल्या घरातली गोल भोके टाकून देण्याचे ठरवले. आपली भारतीय मानक संस्थाही त्याच वर्षी स्थापन झाली. आणि आपण गोल भोके ठेवली! हाँगकाँग, सिंगापूर, मलेशिया या ठिकाणी पुढे चौकोनी प्लग आला. आपल्याकडे आणि दक्षिण आफ्रिकेत गोलच राहिला. स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशाची वीज निर्माण करण्याची शक्ती सुमारे १३६२ मेगावॅट होती आणि दिवा पोचलेली गावे दीड हजाराच्या घरात. भोके बदलायची असती, तर त्याहून स्वस्त वेळ पुन्हा आली नाही. परंतु त्या वर्षी देश निर्वासितांच्या छावण्या आणि रेशनची दुकाने सांभाळत होता. भिंतीतल्या भोकांचा विचार करायला कोणाला सवड होती! मी कोणाला दोष देत नाही. असो.

आपला गोल पिनांचा प्लग वाईट आहे, असाही अर्थ करून घेऊ नका. त्याची तिसरी पिन जाड आणि लांब आहे. ती आत जाताना पहिली टेकते आणि बाहेर येताना शेवटी सुटते. योजना जर्मन प्लगाइतकीच शहाणी आहे. आपल्याकडचे पाप निराळे. लांब पिन अडते म्हणून पक्कडीने ती कापून टाकणारे मी पाहिले आहेत. प्लग नसेल तर दोन तारांची टोके सोलून भोकात खुपसायची आणि वर आगपेटीच्या काड्या ठोकायच्या, हे तर आपले राष्ट्रीय प्रमाण म्हणावे लागेल. त्याला नंबर तेवढा मिळायचा आहे. आज मोबाइलच्या चार्जरांवर युरोपी मापाच्या चार मिलिमीटर जाडीच्या पिना दिसतात. आपल्या पाच अँपिअरच्या भोकाला पाच मिलिमीटरहून किंचित जाड पिन लागते. दोन पिनांमधले अंतर दोन्हींचे जवळजवळ सारखेच, एकोणीस मिलिमीटर. म्हणून तो आत जातो, सैल राहतो आणि चुरचुरतो.

त्या जर्मन यंत्राचे असेच झाले. त्याच्या पिनांमधले अंतरही एकोणीस मिलिमीटर आणि जाडी ४.८. आपल्या भोकात चपखल बसण्याइतकी जवळ. पण आपल्या सॉकेटाला ना वाटी, ना चिमटे. दाब जुळला, सायकल जुळले, दोन पिना जुळल्या, आणि ज्या गोष्टीसाठी ब्यूटनरने सारी खटपट केली ती तेवढी हवेत राहिली. अमेरिकेचा हा चपटा प्लग आपल्या गोल भोकात जातच नाही. माणूस चिडतो, शिव्या देतो आणि वायरमनला बोलावतो. यात कोणी मरत नाही. ज्याचे तीन चतुर्थांश जुळते, तेथे कोणी वायरमनला बोलावीत नाही.

दाबाच्या बाबतीतही तसेच. सौदी अरेबियात घराघरांत १२७ व्होल्टची वीज वर्षानुवर्षे होती. २३० वर जाण्याचा निर्णय तेथील सरकारने २०१० मध्ये घेतला आणि तो बदल संथ गतीने चालला. रत्नागिरीकडचे लोक तेथून टेपरेकॉर्डर, मिक्सर आणीत. मागच्या बाजूला दाब निवडायचे एक लहान बटण असे. ते फिरवायचे राहिले आणि बाजारातला जोडप्लग लावला, की यंत्र आपले इमानाने चालू होई आणि क्षणात धूर निघे. दाब दुप्पट झाला की साध्या शेगडीतली उष्णता चौपट होते. टेपरेकॉर्डरचे काय होणार? जोडप्लग फक्त पिना जुळवतो, दाब जुळवीत नाही, हे त्या डबीवर कोणी लिहीत नाही.

सायकलबद्दल थोडक्यात सांगतो. युरोपात ५०, अमेरिकेत ६०. जपानात दोन्ही. टोकियोच्या वीज कंपनीने १८९५ मध्ये जर्मनीच्या ए.ई.जी.ची यंत्रे घेतली, ती ५० ची. ओसाकाकरांनी लगोलग अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून घेतली, ती ६० ची. दोन शहरांच्या दोन खरेद्या, आणि देशाचे दोन तुकडे. आजही फुजी नदीच्या पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६०. मोटारीच्या धंद्यातल्या लोकांना ठाऊक आहे की चार ध्रुवांची मोटार ६० वर मिनिटाला १८०० च्या हिशेबाने फिरते आणि ५० वर १५०० च्या. एक षष्ठांश फरक. मार्च २०११ मध्ये भूकंप आणि लाटेने फुकुशिमाचे अणुवीजघर मोडले आणि टोकियोत पाळीपाळीने वीज बंद करण्याची वेळ आली, तेव्हा पश्चिमेकडे वीज होती. पण ती इकडे आणायची, तर सायकल बदलणाऱ्या केंद्रांतून आणावी लागे, आणि त्या सर्वांची मिळून ताकद होती दहा लाख किलोवॉट. टोकियो कंपनीची ऐन उन्हाळ्यातली मागणी सहा कोटींच्या घरात! तेथे पुढे २०२१ पर्यंत केंद्रांची ताकद एकवीस लाखांवर नेली. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या खरेदीचे हप्ते अजून फिटतात.

आपल्या मुंबईनेही असा एक हप्ता फेडला आहे. बोरीबंदर ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली, १५०० व्होल्ट डी.सी. वर. त्या काळी ते उत्तम होते. १९५७ मध्ये रेल्वेने देशासाठी २५,००० व्होल्ट ए.सी. पसंत केले, आणि मुंबई तेवढी जुन्या दाबावर राहिली. रोज लाखो माणसे लोंबकळत असताना, रात्रीच्या दोन-चार तासांच्या सवडीत, तारा आणि गाड्या बदलीत ते काम २०१६ मध्ये हार्बर मार्गावर संपले. मधल्या काळात दोन्ही दाबांवर चालणाऱ्या गाड्या कराव्या लागल्या. ज्या गँगमननी आणि तारेवरच्या कामगारांनी ती रात्रपाळी केली त्यांची नावे कोठल्याही पाटीवर नाहीत.

मग साऱ्या जगाने एकत्र बसून एकच प्लग का ठरवला नाही? बसले होते. आंतरराष्ट्रीय विद्युत आयोग १९०६ मध्ये लंडनला स्थापन झाला आणि लॉर्ड केल्व्हिन त्याचे पहिले अध्यक्ष. प्लगांची चर्चा युद्धामुळे थांबली, पुन्हा सुरू झाली, आणि १९८६ मध्ये एक जागतिक प्लग कागदावर निघाला. तोवर प्रत्येक देशात कोट्यवधी भिंती भरलेल्या होत्या. युरोपने नव्वदच्या दशकात प्रयत्न करून नाद सोडला. दाबाचे मात्र त्यांनी मोठ्या चतुराईने जुळवले. विलायतेत २४० होते, बाकी युरोपात २२०. १९९५ पासून दोन्हीकडे २३० असे जाहीर केले आणि कमी-जास्तीची मुभा एवढी ठेवली की कोणालाही काहीच बदलावे लागू नये. युनियनच्या वाटाघाटीत असा तह मी अनेकदा पाहिला आहे.

त्या जागतिक प्लगाचा खरा स्वीकार ब्राझीलने केला, थोडा फेरफार करून, आणि २०११ पर्यंत तो सक्तीचा केला. दक्षिण आफ्रिकाही नव्या बांधकामांत त्या वाटेने निघाली. पण ब्राझीलमध्ये काही भागांत १२७ व्होल्ट आणि काही भागांत २२०. तेथे दोन्हींसाठी एकच सॉकेट ठेवले! पूर्वी निदान परक्या भोकापाशी माणूस थांबे. आता १२७ चे यंत्र २२० वर विनातक्रार लागते.

याच्या उलट पाहायचे असेल, तर मोठ्या कारखान्यांत वापरतात ते औद्योगिक प्लग पाहा. पिवळा ११० चा, निळा २३० चा, लाल ४०० चा. तेथे अर्थिंगच्या पिनेची जागा घड्याळाच्या काट्यासारखी प्रत्येक दाबाला निराळी असते, आणि एका दाबाचा प्लग दुसऱ्या दाबाच्या सॉकेटात शक्ती लावली तरी जात नाही. तेथे न जुळणे मुद्दाम घडवलेले आहे. विलायतेत इमारतीच्या कामावर हातातली यंत्रे ११० व्होल्टवर चालवण्याचा प्रघात आहे, आणि तो पुरवठाही असा केलेला असतो की कोणतीही एक तार अंगाला लागली तरी जमिनीच्या मानाने ५५ व्होल्टच लागावेत. भिंतीत २३० असताना मधे एक पिवळी पेटी ठेवून दाब उतरवून घेतात. चिखलात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात काय द्यावे याचा कोणीतरी विचार केला, म्हणून ही पेटी आली. आपल्याकडे इमारतीच्या कामावर मी ती फार क्वचित पाहिली आहे. काड्या ठोकलेल्या तारा मात्र नेहमी पाहतो.

खिशातल्या फोनचे भाग्य थोर. त्याच्या टोकाला कोणती पिन असावी हे युरोपने कायद्याने ठरवले आणि २८ डिसेंबर २०२४ पासून अमलात आणले. पाच-वीस व्होल्टचा तो खेळ. त्याच्यासाठी मंत्री बसले, कंपन्या नमल्या. पॉलिशच्या यंत्रासाठी कोण बसणार?

त्या पोराच्या आईला नुकसानभरपाईच्या कायद्याप्रमाणे पैसे मिळाले. ‘कामगार अनवाणी होता’ हे वाक्य कागदावर राहिले. ते काढून टाकण्यासाठी मी दोन वर्षे अर्ज केले, पण माझ्या त्या वेळच्या अर्जांत तिसऱ्या तारेबद्दल एक ओळही नव्हती, कारण मलाच ती समजली नव्हती. समजली तोवर यंत्र भंगारात गेले होते. मी भंगारवाल्याकडे गेलो. यंत्राचे लोखंड वितळायला गेले होते, वायर तेवढी तोडून एका पोत्यात टाकलेली होती. तिच्या टोकाचा हा प्लग मी पाच रुपयांना घेतला. तेव्हा मी तो उजेडात धरून पाहिला. दोन पिना ठिणग्यांनी काळ्या पडल्या होत्या. कुशीच्या या दोन पितळी पट्ट्यांवर मात्र एकही ओरखडा नव्हता. पुढच्या रांगेतल्या कोणाला हातात घेऊन पाहायचा असेल, त्यांनी सभा संपल्यावर वर यावे.